त्रिंबकअण्णा आणि दोन शिटांची गाडी

तेलगावात बातमी अशी फुटली, की त्रिंबकअण्णांनी दुसरं लग्न केलं. नुसतं केलं नाही, तर नव्या बायकोला लाल भडक गाडीत बसवून वडवणीच्या रस्त्यानं हवा खायला नेलं. बाई म्हणे गोरीपान, डोळ्यांवर काळा चष्मा, मांडीवर कसलीशी पेटी. पेटी म्हणजे दागिन्यांचीच असणार, दुसरं काय? बातमी आणली रामेश्वर शिंप्यानं. तो बीडहून अस्तराचं कापड घेऊन एसटीनं येत होता आणि खिडकीतून त्यानं हे सगळं स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं. रामेश्वरच्या डोळ्यांचं म्हणाल, तर सुईत दोरा घालायला त्याला बायकोला हाक मारावी लागते. पण असल्या गोष्टी त्याला लांबून स्वच्छ दिसतात.

चहाच्या वेळेपर्यंत बाईचं गाव ठरलं. दिवेलागणीपर्यंत तिला आधीच्या नवऱ्याची दोन पोरंही झाली, आणि अण्णांचं रान आता कुणाच्या नावावर जाणार यावरून पारावर उघड दोन तट पडले.

खरं ते असं. गाडी लाल होती, यात खोट नाही. बाईसुद्धा होती. पण ती घाटसावळीची सुंदरबाई. वय विचारलं तर म्हणते, "रझाकाराच्या टायमाला मी पाळण्यात व्हते." काळा चष्मा डोळ्याच्या ऑपरेशनाचा, आणि मांडीवरची पेटी म्हणजे सीताफळांची पाटी. गोरेपणाचं तेवढं रामेश्वरलाच ठाऊक. आणि गाडी अण्णांची नव्हतीच. ती त्यांनी नुसती चालवून बघायला घेतली होती.

आता तुम्ही म्हणाल, साठी उलटलेल्या, गुडघे दुखणाऱ्या, घरात एकट्या राहणाऱ्या माणसाला शर्यतीची गाडी कशाला चालवून बघायची? गावानंही तेच विचारलं. त्यासाठी जरा मागं जावं लागतं.

त्रिंबकअण्णांनी सगळा जन्म तेलगाव ते धारूर काळी-पिवळी चालवली. काळ्या अंगाची, पिवळ्या टपाची प्रवासी जीप. कागदावर तिच्यात किती माणसं बसायची ते आरटीओला माहीत. अण्णांचं मत वेगळं होतं. ते म्हणायचे, "मानूस मावत न्हाई असं कदी नसतं. तो सरकून बसत न्हाई, एवढंच." स्वतः ते सगळ्यात आधी सरकायचे. त्यांच्याच शिटवर डाव्या बाजूला एक जण, कधी उजव्या बाजूलाही एक जण, आणि अण्णा मधल्या चिमटीत. नाहीतर अर्धं अंग दारातून बाहेर टाकून, एका मांडीवर बसून अख्खा धारूरचा घाट चढायचे. गिअर टाकायचा तर आधी शेजाऱ्याला सांगायचं, "पाव्हणं, गुडघा." पाव्हणा गुडघा उचलायचा, गिअर पडायचा, गुडघा परत खाली.

पुढची शीट मानाची. तिथं गुरुजी, तलाठी, एखादा सरपंच, नाहीतर नव्या लुगड्यातली माहेरवाशीण. मागचे आडवे बाक बाकीच्यांचे. आणि अगदी शेवटी, मागच्या दाराला खेटून, पिशव्या-पाट्यांच्या ढिगात अण्णांची बायको, वनमाला.

वनमालाबाई त्या जीपच्या कंडक्टर होत्या म्हणा ना. मुलगा सोमनाथ शाळेला जायला लागला तशी त्यांनी मागची जागा धरली ती धरलीच. माणसं चढवायची, सामान लावायचं, कोंबडी कुणाची आणि पिशवी कुणाची हे ध्यानात ठेवायचं, आणि सगळं बसलं की पत्र्यावर दोन थापा मारायच्या. दोन थापा म्हणजे चला. एक थाप म्हणजे थांबा. लागोपाठ थापांचा पाऊस म्हणजे कुणाची तरी शेळी मागं राहिली. अण्णा थाप ऐकल्याशिवाय जीप हलवायचे नाहीत. एकदा पुढं बसलेला पुढारी वैतागून म्हणाला, "चल ना बे, समदे बसलेत." अण्णांनी वर आरशात बघितलं आणि म्हणाले, "सायेब, अजून मालकिणीचा हुकूम न्हाई."

त्या आरशात मागच्या दारापर्यंतचं दिसायचं. माणसांच्या डोक्यांमधून एक फट असायची, आणि त्या फटीत वनमालाबाईंचं कपाळ, कुंकू आणि दातात धरलेला पदर. नवरा-बायकोचं निम्मं बोलणं पत्र्यावर व्हायचं, उरलेलं आरशात. भुवई वर गेली की फाट्यावर चहा प्यायचा. डोळे मिटले की डोकं दुखतंय, जरा हळू हाका.

भांडणही झालं म्हणतात, पण एकदाच. उन्हाळ्याचे दिवस, घाटात जीप तापलेली, पुढं एक गडी मानाची शीट घेऊन पाय पसरून घोरतोय, आणि मागं वनमालाबाईंच्या मांडीवर कुणाचं तरी पोर ओकलं. त्या दिवशी घरी चुलीपुढं भाकरी थापता थापता त्या म्हणाल्या, "एक गाडी घ्या आता. दोनच शिटांची. एक तुमची, एक माजी. तिसऱ्यानं हात केला तरी जागाच न्हाई, अशी."

अण्णा हसले. "असली गाडी कंपनी काढतच न्हाई, येडे."

"न्हाई तर न्हाई," म्हणत बाईंनी भाकरी उलटली. विषय संपला.

मग घरोघर मोटारसायकली आल्या. फाट्यावर हात करणारी माणसं कमी झाली. पुढची शीट रिकामी जायला लागली, तरी वनमालाबाई मागंच बसायच्या. सवयच तशी. अण्णांनीही कधी म्हटलं नाही, की ये पुढं. सुचलंच नाही त्यांना. मागं वनमाला आहे म्हणजे गाडी भरलेली आहे, असंच त्यांना वाटायचं.

बाईंना ताप चढला तेव्हाही अण्णांनी त्यांना अंबाजोगाईला नेलं ते मागच्याच बाकावर आडवं टाकून. उशाला शेजारची ताराबाई. अण्णा सारखे आरशात बघायचे, पण आडव्या माणसाचं कपाळ आरशात येत नाही. दवाखान्याच्या बरंच अलीकडं ताराबाईनं पत्र्यावर एक थाप मारली. एकच. अण्णांनी गाडी कडेला घेतली आणि मागं वळून न बघता स्टिअरिंगवर डोकं टेकवलं. त्यांना थापेचा अर्थ सांगावा लागला नाही.

त्यानंतर जीपचं पासिंगही संपलं आणि भंगारवाला तिला ओढून घेऊन गेला. सोमनाथ पुण्याला. फोन करतो, पोरगा चांगला आहे, पण त्याचं बोलणं "जेवलात का" पासून सुरू होतं आणि "जेवून घ्या" वर संपतं. घर म्हणाल तर दोन खोल्या आणि पुढं ओटा. ताराबाई सांगते, अण्णा अजून बाजेवर अगदी कडेला झोपतात. सगळी बाज मोकळी, आणि हा माणूस काठावर एका कुशीवर, जणू उरलेल्या जागेत अजून तिघं यायचे आहेत. ओट्यावर बसतात तेही कोपऱ्यात, खांबाला चिकटून. रस्त्यानं गाडी गेली की बोटं उचलतात. जाणारी गाडी कधी उत्तर देते, कधी नाही.

असल्या दिवसांत ते बीडला गुडघ्याच्या गोळ्या आणायला गेले होते. एसटी बायपासला सिग्नलवर थांबली. बाहेर जुन्या गाड्यांचा बाजार होता. पांढऱ्या-करड्या गाड्यांच्या रांगेत एक लाल गाडी, कमरेएवढी उंच, जमिनीला पोट टेकून बसलेली. अण्णांनी काचेतून तिच्या आत बघितलं आणि उतरले. कंडक्टर ओरडला, "अहो काका, स्टँड पुढं आहे!" पण अण्णा तोवर रस्ता ओलांडून गेले होते.

बाजाराचा मालक राधाकिशन. कुरळे केस, हातात जाड कडं, गिऱ्हाईक बघून भाषा बदलणारा. त्याला वाटलं म्हातारा सावलीला आलाय.

"मागं मानसं कुठं बसत्यात?" अण्णांनी विचारलं.

"मागं इंजिन आहे, काका."

"आन् इंजिनाच्या जागी?"

"तिथं डिकी. सामान पुढं, इंजिन मागं."

"उलट्या काळजाची हाय म्हना की. मंजी शिटा दोनच?"

"दोनच. तिसऱ्याला जागाच नाही."

अण्णा वाकून त्या दोन शिटा बघत राहिले. राधाकिशनला वाटलं, किंमत विचारायला लाजतोय. त्यानं आपणहून सांगितलं, की ही गाडी एका युवा नेत्याची. मिरवणुकीपुरती काढायचा. पण आपल्याकडच्या गतिरोधकांवर हिचं पोट घासायचं, आणि पुढं नेत्याचंही पद गेलं. "पद गेलं की हे लोक गाडी आधी काढतात, फ्लेक्स मग उतरवतात," राधाकिशन म्हणाला. अण्णांना त्यातलं काही ऐकू आलं नाही. कंपनी असली गाडी काढते. तेव्हाही काढत असणार. आपण हसलो होतो.

त्या दिवशी ते नुसते परत आले. मग परत गेले, आणि परत. रस्ता रुंद झाला तेव्हा बांधाकडची पट्टी त्यात गेली होती, तिचे पैसे बँकेत पडून होते. गावात कुणाला सांगितलं नाही, कारण गाव कसलं आहे ते त्यांना माहीत. शेवटी राधाकिशन म्हणाला, "काका, रोज डोळ्यांनी चालवताय. एकदा हातानं चालवून बघा, म्हणजे तुम्हीही सुटाल आणि मीही."

अण्णा गाडीत बसले, म्हणजे उतरले म्हणा. ओट्यावरून विहिरीत उतरावं तसे. टोपी टपाला लागली. राधाकिशन शेजारच्या शिटवर आला आणि बघतो तर अण्णा अर्धे दारावर चढून, एका मांडीवर बसलेले.

"काका, मधे सरका. अख्खी शीट तुमचीच आहे."

अण्णा सरकले. पुन्हा हळूहळू कडेला गेले. किल्ली फिरवली. मागून इंजिन गुरगुरलं. अण्णा स्टिअरिंग धरून बसून राहिले.

"काय झालं?"

"थाप न्हाई पडली अजून."

"कसली थाप?"

"मागं जाऊन पत्र्यावर दोन मारा की जरा."

"अहो, पॉलिश जाईल!" राधाकिशननं शेवटी समोरच्या काळ्या फळीवर बोटानं टकटक केलं. अण्णांनी नाराजीनंच गिअर टाकला, आणि टाकण्याआधी म्हणाले, "पाव्हणं, गुडघा." राधाकिशननं कशासाठी ते न कळताच गुडघा उचलला.

बीड सोडलं तशी गाडी मोकळी सुटली. खोटं कशाला बोला, अण्णांना बरं वाटलं. दोन्ही बाजूंनी पांढरा कापूस मागं पळत होता, आणि चढावर पाय नुसता टेकवला तरी गाडी अशी उठायची, की जन्मभर घाटात ओरडणारी ती म्हातारी जीप आठवून त्यांना हसूच आलं. त्यांनी डावीकडं बघितलं. तिथं राधाकिशन मोबाईल बघत होता. हा उतरला, की इथं कोण, एवढंच त्यांना बघायचं होतं. त्यासाठीच तर आले होते.

घाटसावळीचा फाटा आला. आणि अण्णांच्या हातांनी, म्हणजे अण्णांनी नव्हे, त्यांच्या हातांनी, गाडी हळू केली, काच खाली घेतली, आणि तोंडानं आरोळी दिली, "वडवणी, तेलगाव, धारूऽऽर!"

राधाकिशनच्या हातातला मोबाईल पडला.

झाडाखाली एक म्हातारी पाटी घेऊन उभी होती, काळा चष्मा लावून. तिनं हात केला. अण्णांनी गाडी थांबवली.

"काका, हे काय करताय?"

"बाई उन्हात हाय. डोळ्याचं आप्रेशन दिसतंय. तुमी उतरा जरा."

"मी उतरू? गाडी माझी आहे!"

"गाडी तुमचीच हाय. पन तुमी तरणे हाव. मी वडवणीला सोडतो तिला आन् ह्यो आलो." राधाकिशनचा चेहरा बघून अण्णांनी डोक्यावरची टोपी काढली आणि त्याच्या हातात दिली. "ही ठिवा. टोपीबिगर मी कुठं जात न्हाई, तेलगावात कुनालाबी इचारा."

आता माणूस इतक्या साध्या मनानं टोपी गहाण ठेवतो म्हटल्यावर राधाकिशनसारखा राधाकिशनही उतरला. सुंदरबाई आत उतरली. पाटी मांडीवर आली.

"लई बसकी हाय रे बाबा गाडी," ती म्हणाली. "पंगतीला बसल्यावानी वाटतंय. पत्रावळी येत्यात का आता?"

"येत्यात की. जरा दम धरा, मावशी."

"लेकीकडं चाललेय. सीताफळं हायती." थोडं पुढं गेल्यावर तिनं आतून गाडी चाचपली. चामडं, बटणं, काच. "नवी हाय?"

"जुनी हाय. घ्यायचं बघतोय."

"मंग बायकोला कावून न्हाई आनलं? पयल्यांदा घरच्या लक्ष्मीला बसवावं. माझ्यासारखीला कशाला?"

अण्णांनी पाय दाबला. याच वेळी गाडीनं बीडहून आलेल्या एका एसटीला मागं टाकलं, आणि तिच्या खिडकीत रामेश्वर होता. पुढचं तुम्हाला माहीतच आहे.

सुंदरबाई वडवणीला उतरली. पैशाला अण्णांनी हात लावला नाही, तेव्हा तिनं पाटीतलं एक कच्चं सीताफळ काढून शिटवर ठेवलं आणि म्हणाली, "तिला दे."

परतीचा रस्ता अण्णांना एकट्यानं कापायचा होता. दुपार कलली होती. शेजारच्या शिटवर सीताफळ, वळणावर इकडून तिकडं गडगडणारं. दोन शिटांची गाडी मिळाली आणि पहिल्याच फेरीला पुढची शीट पॅसेंजरला गेली. मालकाला खाली उतरवून गेली. म्हणजे गाडीत जागा कमी पडत होती असं कधी नव्हतंच. हे त्यांच्या मनात आलं.

त्यांनी गाडी कडेला घेतली. डावीकडं वळून म्हणाले, "ये की आता. कुनी न्हाई."

बसलेली वनमाला त्यांना डोळ्यांपुढं आणायची होती. त्या शिटवर, पाय लांब सोडून, खिडकीतून कापूस बघणारी. पण ती येईना. शेजारून वनमाला कशी दिसते, हेच अण्णांना आठवेना. नाक बाजूनं कसं होतं? कानात कुड्या होत्या की फुलं? इतक्या वर्षांत गाडीत तिला कडेनं पाहिलंच नव्हतं. त्यांना ठाऊक होतं ते कपाळ, कुंकू आणि दातातला पदर. सवयीनं मान वर झाली. आरशात एक अरुंद फट होती, आणि फटीत इंजिनाचं तापलेलं झाकण. त्यावर हवा थरथरत होती. बाकी काही नाही.

एका ट्रॅक्टरवाल्यानं शेजारी थांबून विचारलं, "बंद पडली का काका?" अण्णांनी मानेनंच नाही म्हटलं. मग तो बघत असतानाच गुडघे धरत बाहेर आले, गाडीला वळसा घालून मागं गेले, आणि त्या झाकणावर पंजानं दोन थापा मारल्या. हात भाजला. तो झटकत परत येऊन बसले आणि निघाले.

फाट्यावर राधाकिशन टपरीवर बसला होता, एका हातात थंड चहा, दुसऱ्या हातात टोपी. "काका, जीव गेला होता माझा! फोन तरी उचलायचा!"

"गाडी चालवताना मी फोन उचलत न्हाई. टोपी द्या."

बीडला पोचेपर्यंत राधाकिशननं किमतीचं सुरू केलं, बघू म्हणाला, तुम्ही शब्द टाका म्हणाला. अण्णा म्हणाले, "गाडी चांगली हाय. जपून इका." आणि सीताफळ पिशवीत घालून एसटीनं घरी आले. सीताफळ त्यांनी ज्वारीच्या कणगीत पिकायला ठेवलं.

इकडं गावाला दम निघत नव्हता. दोन-तीन दिवसांनी सकाळीच रामेश्वर चार माणसं घेऊन ओट्यावर हजर. सगळ्यांच्या माना आतल्या खोलीकडं. ताराबाई भाजीची वाटी द्यायच्या निमित्तानं आधीच येऊन उभी.

"अण्णा, वैनींना हाक मारा की," रामेश्वर म्हणाला. "च्या तरी पाजा नव्या हातचा."

"थांब." अण्णा आत गेले आणि पिकलेलं सीताफळ घेऊन आले. ते फोडून सगळ्यांच्या हातावर ठेवत, वनमालाबाईंच्या हौसेपासून सुंदरबाई आणि टोपीपर्यंत जे झालं ते त्यांनी सांगून टाकलं. थापा मारल्याचं तेवढं गाळलं. ते नंतर त्या ट्रॅक्टरवाल्याकडून कळलं. माणसं पोट धरून हसली. ताराबाई बिया थुंकत म्हणाली, "रामेश्वर, चष्मा तू लाव बाबा आता. सुंदरबाईचाच माग."

रामेश्वर ओशाळला, पण हार मानेल तर शिंपी कसला. म्हणाला, "ते जाऊ द्या हो. पन पैका बँकेत हाय, गाडी मनाजोगी हाय, वनमालावैनींची हौस व्हती हे तुमीच सांगता. मंग घेतली कावून न्हाई? पुढची शीट तर रिकामीच व्हती की!"

अण्णांनी हातातली सीताफळाची साल ओट्याखालच्या शेळीपुढं टाकली आणि म्हणाले, "पुढची रिकामी व्हती रे. पन ती मागं बसायची."